अर्पणपत्रिकेचे पान

छापखान्यात त्यांना सगळे टिंबकाका म्हणत. एकतीस वर्षे मुद्रितशोधन केले; राहून गेलेले एक टिंबही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कविताही तितक्याच जपून लिहीत. दोन संग्रह निघाले, दुसऱ्याला पारितोषिक मिळाले. सत्काराला अध्यक्षांनी विचारले, "इतक्या प्रेमकविता! वहिनींना का नाही आणलंत?"

"त्यांना गर्दी सोसत नाही," काका बोलून गेले.

घरी हे ऐकून त्यांच्यासोबत राहणारा स्कूलबसचा ड्रायव्हर पोट धरून हसला. "मला गर्दी सोसत नाही? रोज चाळीस पोरं शाळेत पोचवतो मी, कविराज!" मग त्याने ताटे वाढायला घेतली.

बावीस वर्षे दोघांचा संसार त्या दोन खोल्यांत चालला होता. शेजाऱ्यांच्या लेखी ड्रायव्हर पोटभाडेकरू. काकांच्या बहिणीला सारे ठाऊक होते, पण विषय निघाला की ती चहा ठेवायला उठे.

तिसऱ्या संग्रहाच्या वेळी काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. आता कोण आपले काय वाकडे करणार, असे म्हणून त्यांनी अर्पणपत्रिका लिहिली.

प्रुफे वाचायची पद्धत ठरलेली. ड्रायव्हरने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचायचे, काकांनी तपासायचे. मोठ्याने वाचल्याशिवाय एक अक्षरही खोडायचे नाही, हा छापखान्याचा नियम घरातही होता. रविवारी सकाळी ड्रायव्हर पाचव्या पानावर थबकला. तिथे त्याचे पूर्ण नाव होते.

"पुढे वाच."

"हे काढ."

"का? लाज वाटते?"

"लाज कसली डोंबलाची! तू घरी बसशील. मला अजून नऊ वर्षं गाडी चालवायचीय. एका आईनं शाळेत फोन केला की किल्ली टेबलावर ठेवायची. तुझं पुस्तक येईल आणि माझी गाडी जाईल."

अजून किती वर्षे दडवायचे, हे काकांच्या ओठांवर आले होते. पण चाळीस पोरांपैकी कुणाला खिडकी लागते, हेदेखील ड्रायव्हरला पाठ होते. काकांनी लाल पेन उघडले.

"वाच मग. वाचल्याशिवाय मी खोडत नाही."

ड्रायव्हरने चष्मा पुसला. "बावीस वर्षे, स्वल्पविराम, ज्याने माझी प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचली, स्वल्पविराम, त्या..." आपले नाव त्याने हजेरी दिल्यासारखे खणखणीत उच्चारले. "यास. पूर्णविराम."

काकांनी एकच रेघ मारली. ती सरळ आली नाही.

पाने धाडून त्यांनी सोमवारी रजा टाकली. असे ते सहसा करत नसत. दुपारी छापखान्यातून फोन आला. "काका, पाचव्या पानावरचं काढलंत, मोकळं राहतंय. एखादी कविता घेऊ?"

"नको. मोकळंच जाऊ दे."

ते वळले तर ड्रायव्हर दारात बूट घालत होता, एकाच बुटाची नाडी दुसऱ्यांदा बांधत.

"काल भांडला असतास तर बरं वाटलं असतं मला," तो मान वर न करता म्हणाला.

काकांनी तोंड उघडेपर्यंत तो जिना उतरला होता. शाळा सुटायची वेळ झाली होती.