पोकळ कुरणवाली आशू

घरात एखादी गोष्ट कुणालाच नीट कळली नाही की तिचे किस्से होतात. कळली असती तर एका वाक्यात संपली असती. माझी धाकटी बहीण आशू ऑस्ट्रेलियात एका मेटलकोर बँडमध्ये गाते, हे ते वाक्य. पण तिथं ते संपत नाही, कारण समोरचा विचारतो, "म्हणजे काय करते?" आणि मग मला किस्सेच सांगावे लागतात. दिवाळीला, लग्नात, शेंद्र्याला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये. सांगून सांगून बरेच साठलेत. अर्थ मात्र अजून लागलेला नाही.

*

आशू गेली होती पाण्याचं शिकायला. आमचे वडील, अण्णा, पाटबंधारे खात्यात कारकून होते. नोकरीभर त्यांनी धरणाची पातळी लिहून ठेवली. आशू गेली ती दुष्काळाची वर्षं होती. शहर चारी बाजूंनी वाढत होतं, सिडकोत रोज नवी बिल्डिंग उठत होती आणि नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. मुलीनं कोरड्या देशात जाऊन जलव्यवस्थापन शिकावं, यापेक्षा अण्णांना आणखी काय पाहिजे होतं?

अ‍ॅडलेडला ती तिघा पोरांबरोबर एका घरात राहायची. त्यातला टॉम गॅरेजमध्ये दिवसभर ड्रम वाजवायचा. परीक्षेच्या आठवड्यात आशूचं डोकं फिरलं. गॅरेजचं शटर वर करून ती पोटातून मराठीत ओरडली, "बंद कर ना रे मेल्या, अभ्यास करू दे!"

टॉम थांबला. तिच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण."

तिला वाटलं हा भांडतोय. ती दुप्पट जोरानं ओरडली, आणि टॉमनं त्यावर ड्रम वाजवायला घेतला.

त्या तिघांचा आणि आशूचा बँड सुरू झाला तो असा. नाव ठेवलं 'हॉलो पॅडॉक'. अण्णांनी डिक्शनरी काढली, भाषांतर केलं, 'पोकळ कुरण'. चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "कुरण पोकळ कसं असेल रे?"

*

पहिला व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मार्च संपत आला होता. मी, आई आणि अण्णा, तिघं माझ्या मोबाइलवर वाकलो. निळा उजेड, धूर, करवतीसारख्या गिटारी. मग आशू पुढं आली, तिनं तोंड उघडलं आणि आतून असा काही आवाज आला की अण्णांनी मोबाइलच्या मागं बघितलं.

आईनं सगळा व्हिडिओ हात जोडून पाहिला. ती देवाचं नसलं तरी गाणं हात जोडूनच ऐकते. संपल्यावर म्हणाली, "चांगलंय. पण गाणं कधी सुरू होणार?"

मी सांगितलं, हेच गाणं होतं. मेटलकोरमध्ये असंच असतं, अर्धं गातात, अर्धं घशातून गुरगुरतात. आशू गुरगुरणारी आहे.

"आणि दुसरं अर्धं?"

"ते दुसरा गातो."

आईनं जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "मग हिला चांगलं अर्धं का नाही दिलं?"

*

आईच्या हिशेबानं पोरीचा घसा गेला होता. तिनं ज्येष्ठमध, अडुळसा, खडीसाखर आणि घरची हळद असं पुडकं बांधलं आणि गल्लीतलं कुणीतरी तिकडं चाललं होतं त्याच्याबरोबर पाठवलं. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर झाडपाल्याचं लई कडक असतं, हे आम्हाला काय माहीत! पुडकं त्यांनी काढून घेतलं आणि नियमाप्रमाणं नष्ट केलं.

आशूनं फोनवर समजावलं, आई, घशाला काही झालेलं नाही, मी यासाठी शिकवणी लावली आहे, बाई येतात शिकवायला.

हे ऐकून आई जास्तच गोंधळली. ज्येष्ठमध गेल्याचं दुःख तिला झालं नाही. पण घसा खराब करायला शिकवणी कशाला लागते, हे तिनं त्यानंतर महिनाभर ज्याला त्याला विचारलं. दूधवाल्यालासुद्धा.

*

अण्णांना वाटलं, जाणकार माणसाला विचारावं. क्रांती चौकाजवळ रशीदभाईंचं साउंड सिस्टीमचं दुकान आहे. लग्नं, उरूस, कव्वाली, गणपती, सगळ्याला स्पीकर त्यांचेच. अण्णांचे ते जुने दोस्त. अण्णा म्हणाले, "रशीदभाई, हे जरा ऐका आणि खरं सांगा."

रशीदभाईंनी मोबाइल थेट दुकानातल्या मोठ्या स्पीकरला जोडला. मोबाइलवर काय ऐकायचं, म्हणाले. पहिली गुरगुर बाहेर पडली तशी समोरची दोन स्कूटरवाली जागेवर थांबली. पानटपरीवाला बाहेर आला. रशीदभाई मात्र डोळे मिटून मान हलवत होते. गाणं संपल्यावर म्हणाले, "अण्णा, बच्ची गले से नहीं, पेट से गा रई. गला कुछ नहीं होता उसका. फिकर नक्को करो."

अण्णांचा जीव भांड्यात पडतोय तोवर चौकातला ट्रॅफिक हवालदार आत आला. कुणाचा आवाज होता, त्यानं विचारलं. अण्णा जरा अभिमानानंच म्हणाले, "माझ्या मुलीचा."

हवालदारानं टोपी काढली, आवाज खाली आणला. "काका, बसा तुम्ही आधी. तक्रार कुणाविरुद्ध द्यायची आहे?"

*

पुढचा किस्सा मी फार लोकांना सांगत नाही. शेवटचं सत्र राहिलं असताना आशूनं शिक्षण सोडलं. बँडला लांबचे दौरे मिळायला लागले होते, दोन्ही जमत नव्हतं. तिनं रविवारी दुपारी फोन करून सरळ सांगून टाकलं. अण्णांनी ऐकून घेतलं, फोन आईकडं दिला आणि गच्चीवर जाऊन टाकीत किती पाणी आहे ते बघत बसले.

त्यानंतर कितीतरी रविवार ते तिच्याशी एकच वाक्य बोलायचे. धरणाची खबर. पाणी उतरतंय. पाणी फार उतरलं. मग फोन आईकडं. आशू काही विचारायच्या आत ते खोलीतून बाहेर. आई मधल्या मधे कावायची, मला म्हणायची, "तुझ्या बापाला सांग, ती पोरगी आहे, कलेक्टर नाही." मी सांगायचो नाही. मलासुद्धा तिचा राग आला होता आणि का आला होता ते कळत नव्हतं. मी रोज तोच कंपनीचा डबा घेऊन त्याच बसनं शेंद्र्याला जात होतो. कदाचित त्याचाच असेल.

एका रविवारी अण्णा म्हणाले, "आज मृतसाठ्याला टेकलं." मृतसाठा म्हणजे धरणाच्या तळाचं पाणी, जे असतं पण दारातून बाहेर काढता येत नाही. एवढं बोलून त्यांनी फोन दिला.

पुढच्या उन्हाळ्यात आशूच्या बँडचं एक गाणं आलं, आणि तेच त्यांचं चाललं. त्या गाण्यावर ते गॅरेजमधून निघून मोठ्या मैदानात गेले. तिकडच्या दुष्काळी भागातली पोरं ट्रक भरभरून ऐकायला यायची. मी व्हिडिओ लावला. अण्णा पेपर वाचत होते. गाणं सगळं इंग्रजी, पण मधे सगळी वाद्यं थांबतात आणि आशू एकच शब्द फेकते. तो समोरची हजारो गोरी पोरं हात वर करून तिच्यामागं ओरडतात.

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "काय म्हणताहेत ते?"

"मृतसाठा."

त्यांनी मला ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतः आशूला फोन लावला. वर्षभरानंतर. मी शेजारीच होतो. म्हणाले, "त्यांना सांग, 'साटा' नाही. 'ठा'. जीभ वर लावून, श्वास सोडून."

मग अण्णांनी पाठ फिरवली आणि फोन घेऊन गच्चीवर गेले. तिथं अर्धा तास काय बोलले, त्यांनाच ठाऊक.

*

नातेवाईक मात्र तिच्या लग्नाच्या मागं होते. मावशीनं परभणीकडचं स्थळ आणलं. मुलगा इंजिनिअर, आई-वडील सभ्य. त्यांनी विचारलं, मुलगी काय करते? अण्णा म्हणाले, गाते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, शास्त्रीय की सुगम? अण्णा खरं बोलणारे, विचारात पडले. म्हणाले, "सुगम तर नाही."

तेवढ्यात मुलाची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. उठून जवळ जाऊन बघितलं. "ही हॉलो पॅडॉकची आशू आहे?" त्यानं अण्णांबरोबर सेल्फी काढला, आईबरोबर काढला, तिच्या जुन्या सायकलबरोबरसुद्धा काढला. जाताना आईच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, नकार. मुलगा म्हणतो, एवढ्या मोठ्या आर्टिस्टला मी पोहे करायला कसं सांगू?

आई आजही विचारते, तो नकार होता की मान?

*

मग एकदा बँड भारतात आला. बंगळूर, मुंबई झालं आणि आशू त्यांना दोन दिवस घरी घेऊन आली. बाकीचे दोघं सकाळीच अजिंठा बघायला फर्दापूरला गेले. टॉमचं पोट बिघडलं होतं, तो घरी राहिला.

त्या दिवशी पाण्याची पाळी. आमच्याकडं पाणी येतं तेव्हा बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, ड्रम भरला का? पहिल्या मजल्यावरून काकू ओरडल्या, ड्रम भरला का? वरून जोशी ओरडले, ड्रम भरला का? आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, ड्रम? टॉमला सगळ्यातला तेवढा एकच शब्द कळत होता. तो पोट धरून गॅलरीत आला, खाली एवढे लोक ड्रम ड्रम करताहेत हे पाहिलं आणि आशूला म्हणाला, "मी आजारी आहे हे यांना सांगितलं नाहीस का?"

आशूनं त्याला काहीच सांगितलं नाही, नुसती हसत राहिली. पाच मिनिटांनी बघतो तर टॉम खाली आमच्या निळ्या ड्रमवर, रिकाम्या, दोन्ही हातांनी वाजवतोय आणि बिल्डिंग गोल करून उभी. ऐकण्याच्या नादात कुणाचं लक्षच राहिलं नाही. वाजवून झालं तेव्हा पाणी जाऊन दहा मिनिटं झाली होती.

पुढचे चार दिवस अख्ख्या बिल्डिंगला टँकर. पण टॉमला कुणी एक शब्द बोललं नाही. जोशी तर म्हणाले, "पाणी काय, परत येईल."

*

निघायच्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं झाली होती. हॉलमध्ये मी, अण्णा, टॉम आणि निरोप द्यायला आलेले रशीदभाई; बाकीचे दोघं खाली गाडीत सामान ठेवत होते. आशू आईला भांडी घासू लागायला आत गेली. आतलं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. आई काहीतरी विचारत होती, आशू आधी नाही म्हणत होती, मग हसली, मग हसणं थांबलं.

आईनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. आमच्या घरात ते दार कधी लावत नाहीत. बिजागरी गंजलेली आहे.

आधी आशूचा आवाज आला, तो आम्ही ओळखला. मग दुसरा आला.

तो लांबला. रशीदभाईंनी बडीशेपेची बशी खाली ठेवली. टॉमनं शेकडो कार्यक्रमांत आशूच्या मागं बसून वाजवलंय, तो सरळ उठून उभा राहिला. "ही आशू नाही," म्हणाला. अण्णा दाराकडं बघत होते. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आईचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. तो आवाज थांबला, श्वास घेतला, आणि पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा खालून.

मग नळ सोडल्याचा आवाज आला. दार उघडलं. आई बाहेर आली, पदरानं तोंड पुसलं, हातात चहाचा ट्रे. मागं आशू, डोळे लाल.

अण्णांनी विचारलं, "काय झालं गं?"

आईनं सगळ्यांच्या पुढं कप ठेवले, टॉमच्या कपात एक चमचा साखर जास्त घातली आणि म्हणाली, "काही नाही. किती दिवसाचं राहिलं होतं."