मिस्त्रीची भिंत, माझं सरकतं भिंग

मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, बागेत झाडं लावतात. मी एक जुना रोलचा कॅमेरा घेतला आणि त्याला न शोभणारं एक भिंग आणलं. कॅमेरा रेंजफाइंडर जातीचा, म्हणजे बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. भिंग दुसऱ्याच जातीच्या कॅमेऱ्याचं. ते कलतं, वर-खाली सरकतं, आडवंही सरकतं. मध्ये एक जोडकडी बसवून मी दोघांचं लग्न लावून दिलं.

अडचण अशी, की भिंग कितीही सरकलं तरी खिडकीला त्याचा पत्ताच नसतो. तुम्ही एक बघता आणि फिल्मवर उमटतं दुसरंच. नागपूरच्या एका जाणकाराने मला फोनवर सांगितलं, "सर, हे भिंग या कॅमेऱ्यासाठी नाहीच." झालं! मला कोणी 'नाहीच' म्हटलं की मी हट्टाला पेटतो. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडून, फिल्मच्या जागी बटर पेपर लावून, मी महिनाभर अंगणातून समोरची पाण्याची टाकी बघत बसलो. किती सरकवलं की काय दिसतं, ते वहीत लिहून ठेवलं. बायको येता-जाता म्हणायची, "सारी दुनिया पाहून फोटो काढते, तुमी काढून मंग पाहता!"

हे खूळ कामाला आलं ते आमच्या गावच्या विहारामुळे. नागपूर रस्त्यावरच्या शहापूरहून आत वळलं की आमचं गाव. तिथे नवा विहार बांधून झाला होता. बांधणारा मिस्त्री माझा चौथीपर्यंतचा वर्गसोबती. पुढे मी शाळेतच राहिलो आणि तो गवंड्याच्या परातीमागे गेला. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्याच्या हातची, पण या विहारात त्याचा जीव होता. समोरची उंच भिंत त्याने कोणालाही हात लावू न देता स्वतः उचलली होती.

उद्घाटनाला आठ दिवस असताना कोणीतरी विहाराचा मोबाईलवर फोटो काढला. भिंतीच्या अगदी जवळ उभं राहून, मोबाईल आभाळाकडे करून. असा फोटो काढला की कुठलीही इमारत मागे पडायला आल्यासारखी दिसते. तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या गावच्याच एका इंजिनिअरने लिहिलं, "भिंत मागे कललेली दिसते. उद्घाटनाआधी कोणाला तरी दाखवून घ्या." इंजिनिअर म्हणजे कम्प्युटरचा! पण शब्दाला वजन पडलं. विहाराचे कमिटीवाले म्हणाले, दाखवून घ्यायला काय हरकत आहे?

मिस्त्रीने त्या बाजूला जाणंच सोडलं. त्याच्या घरी गेलो तर म्हणाला, "ज्या भितीवर गावाचा भरोसा नाई, तिच्या उद्घाटनाले मी कायले येऊ, मास्तर?" आवाज चढवला नाही, म्हणून मला जास्तच लागलं. ज्याने ती भिंत उभी केली तोच नसेल तर ते उद्घाटन कसलं? मी रागारागात ग्रुपवर लांबलचक निरोप लिहिला, कॅमेरा वर केला की रेषा कशा जवळ येतात ते समजावलं. कोणी वाचला नाही. एकाने नुसते हात जोडले.

मग म्हटलं, दाखवूनच देतो. दोन दिवसांनी समोर मांडव पडणार होता, त्याआधीच फोटो काढायला हवा होता.

सकाळी कोवळं ऊन भिंतीवर आलं तेव्हा मी कॅमेऱ्याची तिवई मांडली. मिस्त्रीला हट्टाने सोबत आणलं होतं. त्याला समजावलं की कॅमेरा वर करायचाच नाही. तो भिंतीसमोर सरळ ठेवायचा आणि आतल्या आत भिंग तेवढं वर सरकवायचं, म्हणजे कळसही येतो आणि भिंतही कलत नाही. "पण कॅमेरा बरोबर लेव्हलात पाहिजे," मी म्हटलं. हे ऐकल्यावर त्याचे डोळे पहिल्यांदा चमकले. त्याने मला बाजूला सारलं, पाण्याची नळी लावली, ओळंबा सोडला, आणि तिवईचा एकेक पाय असा बसवला जणू तिच्यावर मजला चढवायचा आहे. अंतरही त्यानेच टेपने मोजून दिलं, कारण या भिंगाला कॅमेऱ्याच्या खिडकीतून फोकस करता येत नाही.

मी दोन फोटो काढले. तिसऱ्याला तो म्हणाला, "मास्तर, हे झाकन असंच ठेवा लागते का?"

भिंगावरचं झाकण तसंच होतं! खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं, मला काय कळणार? आम्ही दोघे इतके हसलो की शेजारच्या बाया बाहेर आल्या. किती दिवसांनी तो हसत होता.

"तूही उभा राहा ना भिंतीपाशी," मी म्हटलं.

"नोको. बांधनारा कायले पाह्यजे? भित दिसली म्हंजे झालं." तो डावीकडे, खिडकीतून दिसणार नाही इतका दूर जाऊन तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभा राहिला.

उजवीकडे विजेचा खांब मध्ये येत होता. कॅमेरा हलवला असता तर मिस्त्रीची सगळी लेव्हल गेली असती, म्हणून मी भिंगच थोडं डावीकडे सरकवलं. उरलेला रोल संपवला आणि आपल्याच हुशारीवर खूश होऊन घरी आलो.

रोल न्हाणीघरातच धुतला. कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने अडकवलेली फिल्म उन्हात धरून पाहिली आणि ओरडलोच. भिंत सरळ! पायापासून कळसापर्यंत सरळ. खांबही गेला होता. पण उजवीकडचा खांब जाण्यासाठी डावीकडचं जेवढं आत यायला हवं, तेवढं सगळं आत आलं होतं. त्यात मिस्त्रीही होता. मान वर करून तो भिंतीकडे पाहत होता, हातातला खर्रा विसरून. आपल्याला कोणी बघत नाही असं वाटतं तेव्हा माणूस लेकराकडे पाहतो, तसा.

झाकणाचे दोन सोडले तर सगळ्या फोटोंत तेच. मी कपाळावर हात मारला. त्याने नको म्हटलं होतं. आता हा आणखी बिथरणार आणि उद्घाटनाला येणारच नाही. त्याला फोटोतून कापून टाकावं म्हणून मी पट्टी घेऊन बसलो. बायकोने फिल्म उन्हात धरून पाहिली. "खबरदार कापलं तर," ती म्हणाली. "पह्यले त्याले दाखवा."

स्टुडिओतून मोठी प्रिंट काढून आणली आणि भीतभीतच त्याच्या हातात दिली. त्याने आधी भिंत पाहिली. एका कडेवरून बोट फिरवलं, मग दुसऱ्या. मग बोट डावीकडे आलं आणि थांबलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"पोट लय सुटलं माझं," तो म्हणाला. मग म्हणाला, "चाळीस वर्सं घरं बांधून राह्यलो मास्तर, एकाही घरासंगं माझा फोटो नाई." डोळे पुसायला त्याने गमछा शोधला. माझेही भरून आले होते, ते मी लपवले नाहीत.

"ग्रुपवर टाकू?" मी विचारलं.

"टाका."

त्याच्या ओट्यावर बसूनच टाकला. पाचेक मिनिटांत अंगठे आणि फुलं यायला लागली. मग पुण्याहून इंजिनिअरचा निरोप आला, "अरे, भिंत तर एकदम सरळ आहे! माझी चूक झाली. बाजूला उभे आहेत ते कोण?"

मी उत्तर लिहायला घेतलं, तर मिस्त्रीने माझा हात धरला. ग्रुपवर त्याने आजवर अक्षरही टाकलं नव्हतं. त्याने स्वतःचा मोबाईल काढला, आवाज भरायचं बटण कुठे आहे ते मला विचारलं, आणि मोबाईल तोंडाजवळ धरून, सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तो मी आहो. मीच बांधलो. तू उद्घाटनाले येजो बाबू, मी तिथं दारातच उभा राहीन."