कोठ्यातलं दही अन् मागच्या घरचं नेट

हसायचं असन तर आत्ताच हसून घ्या, मधात मी कोणाले हसू देणार नाही! अंगठा लावणाऱ्या बाईनं शिकल्यासवरल्या माणसाइले दोन हप्ते येड्यात काढलं, अन् शेवटी येडं कोण निघालं, ते माह्याच तोंडून ऐका. देवकाच्या तोंडून ऐकाल तर ती वरून तिखटमीठ लावन.

देवका म्हणजे माही धाकटी जाऊ. भिंतीले भिंत लागून घर. तोंड तिच्या घरात, कान माह्या अंगणात.

आमचं कसं हाय, रस्त्याकडं घर, मधात कापसाचा कोठा, अन् कोठ्याच्या मागं अमोलनं, माह्या नातवानं, बांधलेल्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत नातसून पल्लवी कंपनीचं काम करते. कंपनी पुण्याले, अन् काम आमच्या खोलीत! आमच्या वखताले वावर गावाबाहेर अन् निंदण घरी बसून, असं कोणी केलं नाही बाप्पा. पण मी कायले बोलू? ती इथी हाय म्हणून चिमी, माही पणती, माह्या मांडीवर हाय. एवढं ध्यानात ठेवा. माहा सगळा जीव त्यातच अटकला होता.

तर नेटची तार आली पुढच्या घरात. मागच्या खोलीपर्यंत नेट पोचेच ना. कोठ्याच्या भिंती हातभर जाड, त्यात छतापर्यंत कापूस. मग मारेगावचा नेटवाला आला, संजूभाऊ. पोट मोठं, पिशवी लहान. त्यानं कोठ्यातल्या फळीवर खिडकीपाशी एक डबा बसवला. काळा, चपटा, चार शिंगांचा. पुढच्या घरचं नेट तो झेलते अन् मागच्या खोलीत फेकते म्हणे.

अमोल म्हणाला, "आजी, याले कोणी हात लावायचा नाही."

"कोण लावते? कोठ्याची चाबी माह्या कमरेले हाय!"

काय रुबाबात म्हणलं होतं मी!

त्याच दिवसात थंडी पडली. अन् माहं दही लागेना. पहिले चुलीच्या ऊबेत दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवला का सकाळी दही दगडासारखं. आता चूल गेली, गॅस आला. गॅसले ऊब कुठं? बंद केला का मेल्यावानी थंड. देवका भिंतीवरून वाटी पाहे अन् विचारे, "बाई, तुमचं दही खायाचं का प्यायाचं?"

चाळीस वर्षं अख्ख्या गावानं माह्या घरून विरजण नेलं, अन् हे ऐकायचं? मी एक उपाय काढला. कोणता, ते मागून सांगते. दही असं लागलं का सुरीनं कापा!

पण इकडं नेटले रोग लागला. दिवसभर ठणठणीत. संध्याकाळी सात वाजता पल्लवीची मीटिंग, अन् बरोबर त्याच वखताले नेट गायब. ती बिचारी तोंड हलवून राह्यली अन् पुण्याले आवाजच नाही! सकाळी पाहावं तर नेट हजर.

संजूभाऊ आला दुपारी. पाह्यलं, खाजवलं, म्हणाला, "आजी, मशीन तर एकदम ओके हाय."

"दुपारी ओके असून काय करू? कोंबडा दुपारी आरवला तर कोणाच्या कामाचा?"

"संध्याकाळी लोड येते आजी. सारं गाव मोबाईलवर असते."

तीनदा आला, तीनदा चहा पिऊन गेला. मी सगळ्याइले सांगितलं, याले डबे विकता येते, चालवता येत नाही.

मग माह्या डोक्यात उजेड पडला. कोठ्याची एक भिंत कोणाकडं? देवकाकडं! संध्याकाळी तिच्या घरी मालिकेचा आवाज येते का नाही? येते! मी भिंतीपाशी उभी राहून सुरू झाली, "काहून वं देवके, दुसऱ्याचं नेट वढून मालिका पाहाले लाज नाही वाटत?"

देवका बाहेर आली. कंबरेतून फोन काढला. बटनाचा. त्याले रबर गुंडाळेल.

"घ्या बाई, पाहा! याच्यात वढलं म्या तुमचं नेट. किती लिटर होते?"

गल्ली हसली. पण मी मागं हटणारी थोडीच? "बटनाच्या फोननंही चोरता येते!" असं ठोकून दिलं.

मग एक दिवस पल्लवीनं माळ्यावरची बॅग खाली काढली. डोळे लाल. "आजी, शुक्रवारी मोठ्या साहेबांची मीटिंग आहे. पुन्हा आवाज तुटला तर पुण्याला येऊन बसा म्हणाले. मग चिमीलाही न्यावं लागेल."

चिमी बॅगेत जाऊन बसली होती अन् टाळ्या वाजवून राह्यली होती.

शुक्रवारी संजूभाऊले साडेसहालेच बोलावलं. "आज नेट जाताना धरायचं," म्हणलं, "तोवर जेवून घे." ज्वारीची भाकर, झुणका, अन् वाटीभर दही. त्याले वाढून मी रोजच्यावानी घडीभर कोठ्यात जाऊन आली. तमाशा पाहाले देवकाही ओट्यावर येऊन बसली.

सात वाजले. मागून पल्लवीची हाक आली, "गेलं! आजी, गेलं!"

संजूभाऊ उठला, पण दह्याचा घास तोंडातच. "आजी," तो म्हणाला, "एवढ्या थंडीत असं दही? आमच्या घरी तर निव्वळ पाणी."

मी काही बोलणार, तर देवका म्हणाली, "डेअरीचं असन. बाई आताशा विकत आणते."

विकत! मी! बस्स, माहं डोकं फिरलं. नेट गेलं खड्ड्यात. कमरेची चाबी काढली, दोघाइले घेऊन कोठ्यात गेली अन् कुलूप उघडलं. "ये, पाहा, विकतचं दही कसं असते!"

फळीवर डबा. डब्याची चारही शिंगं मुडपेल. त्यावर पाच शेर दुधाचा स्टीलचा गंज. गंजाले माहं जुनं लुगडं गुंडाळेल, वरून घोंगडं.

"डबा कोंबडीच्या पोटावानी गरम असते," मी देवकाले ठसक्यात सांगितलं. "रोज सातच्या ठोक्याले विरजण लावून ठेवते, सकाळी काढते. हाय का तुह्याकडं एवढी अक्कल?"

संजूभाऊच्या हातातली वाटी तिरपी झाली. मी आपली विरजण दाखवाले गंज उचलला.

मागून पल्लवी वरडली, "आलं! आलं!"

मी घाबरून गंज परत ठेवला.

"गेलं!"

उचलला.

"आलं!"

संजूभाऊ मटकन कापसावर बसला. "आजी, तुमाले सांगितलं होतं ना, हात लावू नका?"

"हात कुठं लावला बावा? गंज लावला!"

गंज छातीशी धरून मी मीटिंग संपेपर्यंत तिथंच उभी राह्यली. साहेबानं सगळं ऐकलं म्हणे. बॅग परत माळ्यावर गेली, चिमी माह्या मांडीवर आली.

पण कोठ्याची चाबी माह्या कमरेवरून गेली ती गेलीच. अमोलनं देवकाच्या हाती दिली. आता कोठ्यात जायाचं म्हणलं का मले तिच्या दारात उभं राहा लागते. अन् ती सटवी चाबी देण्याआधी माहे दोन्ही हात पाह्यते, अन् मग पदराखालीही पाह्यते.