मधूच्या कॅसेटमधले थांबे

मधुकर शिरवळकर गेल्याचे त्याच्या मुलीने, शैलाने, फोनवर कळवले. पुढचे वाक्य मला अनपेक्षित होते. "काका, बाबांच्या कॅसेट तुमच्याकडेच आहेत ना? एखादीत आईचा आवाज असेल का?" तिची आई, कमल, शैला पाळण्यात असतानाच वारली. मी नाही म्हणालो. त्या कॅसेट मला पाठ होत्या.

आम्ही दोघे इंदूरच्या एका मिलमध्ये प्रोग्रॅमर होतो. संगणक कमलच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी आला. त्याचे मॅन्युअल परदेशी. विकत घेणे आमच्या आवाक्याबाहेरचे, झेरॉक्सही महाग. मिलमधली एकमेव प्रत साहेब रविवारपुरती घरी नेऊ देत. मधूने टेपरेकॉर्डर काढला आणि ते मोठ्याने वाचायला घेतले. मजकूर इंग्रजी, मधूनमधून मराठी सूचना: कंस सुरू, स्वल्पविराम, कंस बंद. ओळ संपली की तो विचारी, "झालं लिहून?"... आणि थांबे. कोऱ्या कॅसेट परवडत नसत, म्हणून घरातल्या जुन्या कॅसेटवरच तो वाचन भरत असे. भंवरकुआंच्या वसतिगृहांपासून महूपर्यंत कितीजण त्या ऐकून प्रोग्रॅम लिहायला शिकले.

मॅन्युअलमधल्या फायलींवरच्या प्रकरणाची कॅसेट मात्र बदनाम होती. तीत मधू फारच थांबे, आणि त्या थांब्यांत काहीतरी कुजबुजल्यासारखी खरखर येई. फीत झिजली असावी, असे आम्ही धरून चाललो. चहाच्या ठेल्यावर एकाने टोमणा मारला, "भिया, तुमच्या एका थांब्यात आमची चाय उकळून जाते." सगळे हसले. मधू हसला नाही. "लिहिणाऱ्याचा हात दुखतो," एवढेच म्हणाला.

तेराव्यानंतर शैला माझ्याकडे आली. "निदान बाबांचा आवाज तरी ऐकवा." हाताला लागली ती फायलींची कॅसेट लावली. भर दुपार होती. मधूने ओळ वाचली. "झालं लिहून?"... शैलाने आवाज वाढवला. खरखरीच्या तळातून, फार लांबून, एका बाईचा आवाज आला.

"हो."

"मग पुढे," मधू म्हणाला.

कमलचा आवाज मी ओळखत होतो. शैला टेपरेकॉर्डरच्या आणखी जवळ सरकून बसली.

याचे तांत्रिक कारण मला ठाऊक आहे. मधूच्या टेपरेकॉर्डरचे पुसणारे हेड झिजलेले होते. जुने ध्वनिमुद्रण खाली शिल्लक राहिले. कमल केव्हातरी कोणाशी बोलली असेल, तेच ते. पण आम्ही ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. तिचा होकार प्रत्येक वेळी त्याच्या प्रश्नानंतरच आला, आणि तो आल्यावाचून मधू एकदाही पुढे गेला नाही... याचे कारण मला ठाऊक नाही.

कॅसेट शैलाने नेली. वाजवायला तिच्याकडे काही नव्हते, म्हणून टेपरेकॉर्डरही दिला. माझ्या टेबलाचा तो कोपरा आता मोकळा आहे. हा लेख तिथेच बसून लिहिला. प्रत्येक ओळीनंतर थांबलो. हात दुखत नव्हता.