अकतामच्या बुरुजावरचा पहारा

ओराझगुल आपाला वाळवंटातल्या सगळ्या किल्ल्यांची कुळकथा तोंडपाठ होती. कोणता तट कुणी बांधला, नदीनं पात्र बदललं तेव्हा कुठली वस्ती उठली, सगळं. तीस वर्षं तिनं तोर्तकूल गावच्या शाळेत भूगोल शिकवला होता. पेन्शन सुरू झाल्यावर घरी बसून सुनेच्या पायात पायात येण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं शाळांच्या सहलींना किल्ले दाखवायचं काम धरलं. पोरं तिच्यावर खूश असत, कारण ती नुसती बोलत नसे. पोरांनाच राजा करी, शिपाई करी, लढाया लावी.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं. जुनं सगळं शाबूत होतं, सांडत होतं ते ताजं. तंदूर पेटवून ती दारात गप्पा मारत उभी राहायची आणि भाकरी लावायच्याच राहायच्या. सून पेरुजा एकदा हळूच म्हणाली की नुकूस शहरात जाऊन डॉक्टरला दाखवू या. त्यावर आपा इतकी भडकली की सुनेनं पुन्हा तो विषय काढला नाही. तेव्हापासून आपा तळहातावर पेनानं लिहून ठेवायला लागली. किती पोरं, किती वाजता निघायचं, मास्तरांचं नाव काय. लोकांना वाटायचं, बाई फार काटेकोर.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उन्हाळी शिबिराची तेवीस पोरं घेऊन ती अकतामच्या किल्ल्यावर गेली. बरोबर सर्सेनबाय मास्तर आणि दोन छोट्या गाड्या. एका गाडीवर जोल्दास होता, आपाच्या ओळखीतला जुना माणूस. शिबिराच्या नियमाप्रमाणे पोरांचे फोन सकाळीच काढून घेतले होते. अकतामच्या आसपास दहा कोसांत ना घर, ना झाड.

किल्ल्यावर तिनं नेहमीचा खेळ मांडला. पोरांना तटावर उभं करून एकाची हाक दुसऱ्याकडे कशी जायची ते दाखवलं. खेळ संपवून तिनं पोरांना मधल्या चौकात गोळा केलं आणि किल्ला बांधणाऱ्या राजाची गोष्ट सुरू केली. आणि गोष्टीच्या ऐन भरात त्या राजाचं नाव तिच्या तोंडातून निघेचना.

तीनशे वेळा घेतलेलं नाव! तिनं घसा खाकरला, पाणी प्याली, पुन्हा सुरुवात केली. तिथंच अडलं. पुढच्या रांगेतली दोन पोरं खुसखुसली. आपलं गुपित आता चव्हाट्यावर येणार, एवढंच आपाला कळत होतं. ऊन वाढलंय, चला, खाली चला, असं म्हणत तिनं पोरांना घाईघाईनं उतरवलं. पोरं दिसेल त्या गाडीत शिरली. मास्तरांना वाटलं, मोजणी आपा करील. आपा खिडकीशी बसून ते नाव आठवत राहिली.

साडेअकराला गाड्या निघाल्या. एक वाजता त्या कालव्याच्या काठी थांबल्या. तिथं जर्दाळू विकायला बसलेल्या बाया होत्या, तुतीची सावली होती. जेवायला बसवताना मास्तरांनी डोकी मोजली. बावीस. पुन्हा मोजली. बावीसच.

पराखत नव्हता. बारा वर्षांचा, किडकिडीत, मोजकं बोलणारा मुलगा.

सगळ्यांच्या नजरा एकदम कालव्याकडे गेल्या. गढूळ पाणी काठोकाठ वाहत होतं. मास्तरांनी विचारलं, शेवटचं त्याला कुणी पाहिलं?

"मी पाहिलंय की," आपा म्हणाली. "आत्ताच. इथंच माझ्या हातून जर्दाळू घेतला त्यानं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं दिसत होतं: पुढे आलेला हात, त्यावर ठेवलेला जर्दाळू. मास्तर आणि दुसरा ड्रायव्हर बूट काढून कंबरभर पाण्यात उतरले. जर्दाळूवाल्या बाया लांब काठ्या घेऊन धावल्या. कुणी लव्हाळ्यात शोधत होतं, कुणी पुलाखाली हाका मारत होतं.

त्या गडबडीत एक मुलगी आपाच्या बाजूला येऊन उभी राहिली. तुर्दीगुल तिचं नाव.

"आपा, पराखत किल्ल्यावर राहिलाय. पश्चिमेच्या बुरुजावर. तुम्हीच उभं केलंत त्याला."

"मी? भलतंच काय बोलतेस?"

"तुम्ही म्हणालात, हाक येईपर्यंत पहारेकरी जागा सोडत नाही. मग हाकच मारली नाहीत. मला वाटलं, तो दुसऱ्या गाडीत चढला असेल."

आपानं आठवून पाहिलं. बुरुज आठवला, पोरांची ओळ आठवली. पराखत त्यात कुठंच नव्हता. आणि ती मुलगी तर सगळ्यांसमोर सांगत होती. मास्तर पाण्यात थांबून बघत होते.

"खोटारडी," आपा म्हणाली. "इथं मुलाचा पत्ता नाही आणि हिला गोष्टी सुचताहेत. जा, बस जाऊन."

मुलगी गेली. शोध आणखी वीस मिनिटं चालला. मग जोल्दास गाडीतून एक पाण्याची बाटली घेऊन आला. बाटलीवर पराखतचं नाव होतं. ती सकाळी ठेवली होती तिथंच, सीटच्या कोपऱ्यात, काठोकाठ भरलेली होती.

"एवढ्या उन्हात पोरगा गाडीत बसला असता," जोल्दास सावकाश म्हणाला, "तर एक घोट तरी प्यायला असता की नाही, आपा?"

आपानं बाटली हातात घेतली आणि त्याच्या गाडीत जाऊन बसली. मास्तर बाकीच्या पोरांपाशी थांबले.

चाळीस किलोमीटरांपैकी अर्धा रस्ता मातीचा. जोल्दासनं गाडी अशी हाणली की टपाला डोकी आपटत होती. आपा एका बाजूला बघत होती, तो दुसऱ्या. पोरगा वाट धरून चालत आला तर भेटेल. वाट सोडून वाळूत शिरला तर मग काय?

बाहेर बघतच आपा म्हणाली, "जोल्दास, तुला माझ्यात काही दिसलं होतं का?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही मला शिकवलंय, आपा. मी तुम्हाला काय बोलणार?"

पावणेतीनला अकताम दिसला. गाडी थांबायच्या आत आपा उतरली. एकसष्टाव्या वर्षी ती तो चढ कशी चढली ते तिलाही सांगता आलं नसतं. पश्चिमेचा बुरुज रिकामा होता. उन्हानं माती इतकी तापली होती की हात टेकवेना. तिनं हाक मारली. तटावरून तीच हाक परत आली.

जोल्दास दक्षिणेच्या बाजूनं धावला. आपानं स्वतःला तिथंच थोपवलं. ताजं आठवत नसेल, पण हा किल्ला तिला घरासारखा माहीत होता. सकाळी पश्चिमेच्या बुरुजावर सावली असते. दुपारी तिथं आग. मग दुपारी सावली कुठं? उत्तरेच्या दुहेरी भिंतीतल्या बोळात, जिथं तिरंदाजांच्या फटींतून वारा येतो. बुरुजावरून तिकडं उतरायला एकच ढासळलेली वाट होती. ती बसून, घसरत त्या वाटेनं उतरली.

पराखत बोळाच्या टोकाला होता. शर्ट काढून डोक्याला गुंडाळलेला, गुडघ्यांत मान, ओठ फुटलेले. तिनं खांद्याला हात लावला तर अंग भाजत होतं. त्यानं डोळे उघडले पण ओळखलं नाही. तिनं आपला रुमाल भिजवून त्याच्या मानेवर ठेवला, बाटलीच्या झाकणातून घोट घोट पाणी पाजलं. पाचव्या की सहाव्या झाकणानंतर तो बोलला.

"गाड्या जाताना दिसल्या मला. वाटलं, ही पण परीक्षा असेल."

"बाळा..."

"दोनदा खाली उतरलो होतो. मग परत आलो. तुम्ही म्हणाला होतात ना, जागा सोडायची नाही. ऊन सोसेना, म्हणून फक्त इथं सावलीत आलो."

त्याला मांडीवर घेऊन आपा पुन्हा आठवायला बसली. आता तरी काही दिसावं. त्याचा चेहरा, आपलं बोट, आपले शब्द. काही दिसलं नाही. सकाळचा तेवढा तुकडा कुणी कापून नेल्यासारखा गेला होता.

"मी तुला विसरले," ती म्हणाली. "परीक्षाबिरीक्षा काही नव्हती. मी विसरले."

जोल्दासनं त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळपर्यंत पोरगा उठून बसला. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं.

दवाखान्याच्या पायरीवर मास्तरांनी आपाला बाजूला घेतलं. त्यांची पँट अजून चिखलानं कडक होती. पोरगं मागे रेंगाळलं, चुकलं, असं आई-बापांना सांगू या, असं त्यांचं म्हणणं होतं. तुमचंही निभेल, माझंही निभेल.

"तो रेंगाळला नाही, सर्सेनबाय. सांगितलं तेच त्यानं केलं. त्याबद्दल त्यालाच बोल लावू?"

मास्तर म्हणाले, "मोजायला हवं होतं मी."

पराखतचा बाप भाताच्या शेतातून तसाच आला होता. आपानं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, राजाच्या नावापासून हिवाळ्यापर्यंत. मध्ये एकदा त्याचा हात उचलला गेला. त्यानं तो आपल्याच मानेवर ठेवला.

"म्हातारपण कुणाला चुकलंय?" तो शेवटी म्हणाला. "पण हे ठाऊक असून तुम्ही दुसऱ्यांची पोरं घेऊन जात होतात."

तो आत मुलाकडे गेला. आपाला नमस्कार न करता गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी बोलावलेलं नसताना, ती शिबिरावर गेली. पोरं न्याहारीला बसली होती. आपल्यामुळे पराखत मागे राहिला, हे तिनं सगळ्यांना सांगितलं. मग ती तुर्दीगुलच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"काल मी तुला खोटारडी म्हणाले. खरं तूच बोलत होतीस. त्या वीस मिनिटांचा दोष माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही."

मुलीनं हातातली भाकरी खाली ठेवली. "मी आणखी मोठ्यानं सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"नाही. मी ऐकायला पाहिजे होतं."

त्यानंतर आपानं एकही सहल नेली नाही. त्याच आठवड्यात ती पेरुजाबरोबर नुकूसला गेली. विसरण्याचा हा आजार वाढतच जाणार, हे डॉक्टरांचं म्हणणं तिनं परतीच्या बसमध्ये सुनेकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या वेळी पेरुजाला रडू फुटलं, तेव्हा आपानं तिचा हात धरला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.