मडक्याएवढा गार

गाडीचा एसी गार हवा देईनासा झाला की बोईसरमधले निम्मे मेकॅनिक एकच काम करतात. डबा लावतात, गॅस भरतात आणि हात झटकतात. दोन महिन्यांनी तुम्ही घामाघूम होऊन परत जाता, ते परत डबा लावतात. जिवल्या असं करत नाही, म्हणून मी त्याच्याकडे जातो.

"गॅस संपत नाय साहेब, गॅस पळतो," असं तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला होता. "पेट्रोलसारका जळत नाय तो. आधी भोक कुठं हाय ते बगू." मग त्याने वाटीत रिठ्याचा फेस केला आणि जुन्या दाढीच्या ब्रशने एकेका सांध्याला लावत बसला. साबणाचा फेस लगेच बसतो, रिठ्याचा टिकतो, हा त्याच्या बायकोचा, जमुनाचा शोध. अर्ध्या तासाने एका सांध्यावर मोहरीएवढा बुडबुडा फुगला, तेव्हा हा पंचेचाळिशीचा माणूस बिळातली चिंबोरी हाती लागल्यासारखा हसला. मला तो तिथेच आवडला.

चिल्हार रोडला चार बांबूंवर दोन पत्रे, एवढंच त्याचं गॅरेज. त्याच पत्र्याच्या सावलीच्या टोकाला जमुना टोपली घेऊन बसते. पावसात शेवळांची रानभाजी, काकड्या; उन्हाळ्यात ताडगोळे. दोघं रोज सकाळी मासवणहून मोटरसायकलवर येतात, टोपली दोघांच्या मध्ये. जिवल्याचे आईबाप दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर जायचे. हाही पंधराव्या वर्षापर्यंत गेला. मग बोईसरला एका हिंदी बोलणाऱ्या उस्तादाने त्याला हाताशी धरलं आणि गाड्यांच्या एसीचं काम शिकवलं. "भट्टीवर परत जायाचा नाय," एवढं एकच ठरवून तो इतकी वर्षं बॉनेटमध्ये डोकं घालून उभा आहे.

आता माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मूळचा कराडकडचा, नाव विक्रम. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षं ट्रक तोलायच्या एका धर्मकाट्यावर बसतोय. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. ड्रायव्हर गाडीत बसून राहिला तर मी त्याला खाली उतरवतो, आणि त्याने हुज्जत घातली तर तोंडही सोडतो. माप म्हणजे माप. असा माणूस जिवल्याच्या पद्धतीवर चिडणार नाही तर काय करणार?

कारण जिवल्या हाताने गॅस भरायचा. आधी पंप लावून पाइपांतली सगळी हवा ओढून काढायची, मग डबा जोडून गॅस थोडा थोडा सोडायचा, आणि गाडीच्या आतून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड पाइपवर बोटं ठेवून थांबायचं. त्याचे गार तीन. विहिरीचा गार म्हणजे गॅस कमी. मडक्याचा गार, म्हणजे ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याच्या पोटाएवढा, तो बरोबर. आणि बर्फाचा गार म्हणजे जास्त झाला. प्रेशरचे काटे होते त्याच्याकडे, पण त्यांच्यावर त्याचा भरवसा नव्हता.

"काटा उनात येक सांगतो, सावलीत येक. हात येकच सांगतो."

"अरे, मग वजन कर," मी म्हणायचो. "बॉनेटच्या आत लिहिलंय ना, साडेतीनशे ग्रॅम. डबा काट्यावर ठेव, साडेतीनशे उतरले की बंद."

"माजा हात हाय ना, साहेब."

खोटं कशाला बोलू, त्याच्या हाताने भरलेला गॅस कधी कमी-जास्त झाला नाही.

गेल्या दिवाळीच्या आसपास एका टेम्पोत गॅस भरताना डब्याची नळी सटकली. दुसरा कुणी असता तर लांब उडी मारली असती. जिवल्याने गिऱ्हाइकाचा गॅस वाया जाऊ नये म्हणून ती नळी दोन्ही मुठींत दाबून धरली. तो गॅस बाहेर पडतो तेव्हा बर्फापेक्षा गार असतो. दहाही बोटं भाजल्यासारखी फोडांनी भरली. महिन्याभरात कातडी भरून आली. मी विचारलं तर बोटं नाचवून म्हणाला, "येकदम टकाटक."

टकाटक काही नव्हतं. बोटं हलत होती, पाना धरत होती, पण त्यांना गार-गरम कळत नव्हतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्हाला मात्र आधीच सांगून ठेवतो. त्याने ते कुणालाही सांगितलं नाही, जमुनालाही नाही. चिल्हार रोडवरचे ड्रायव्हर त्याच्याकडे त्याच्या हातासाठी यायचे. तो हात गेला हे एकाला कळलं असतं तरी संध्याकाळपर्यंत मनोरपर्यंत पोचलं असतं. मग पत्रे उतरवायचे आणि भट्टी. नवीन काही शिकायचं त्याचं वय नाही, असं त्याचं त्यानेच ठरवून टाकलं होतं.

मला दिसत सगळं होतं, कळत काही नव्हतं. एकदा त्याच्या गालावर चटक्याचा डाग दिसला. मी म्हटलं, "काय रे, जमुनाने उलथनं मारलं का?" तो हसला. जमुना हसली नाही. आम्हा सगळ्यांना ती काचेच्या ग्लासात चहा द्यायची आणि जिवल्याला एकट्याला कानाच्या कपात. "मालक झाला आता तुझा नवरा," असंही मी म्हणून घेतलं. आणि त्याने एक नवीनच सुरू केलं होतं. गॅस भरताना तो गिऱ्हाइकाला जवळ बोलवायचा. "तुमीच हात लावून बगा साहेब. विहीर का मडकं?" ड्रायव्हर लोक खूश. म्हणायचे, बघा, काही लपवाछपवी नाही. मीही खूश होतो.

मे महिन्यात माझी मुलगी स्वरा पालघरच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. पाचव्या दिवशी दोघींना घरी आणायचं होतं आणि नेमका गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला. आदल्या दिवशी मी जिवल्याकडे गेलो. त्याने फेस लावला, बुडबुडा शोधला, झिजलेली रबरी रिंग बदलली, पंप लावला, गॅस सोडायला लागला.

"साहेब, लावा हात. विहीर का मडकं?"

मी इस्त्रीचा शर्ट सांभाळत वाकलो आणि दोन बोटं पाइपला लावली. पाइप चांगला गार होता, त्याला घाम फुटला होता. मडकंच होतं ते, माझ्या बोटांनी साफ सांगितलं. पण कोथिंबिरीची जुडी घेतली तरी वरून दोन काड्या मागितल्याशिवाय माझा पाय निघत नाही. मनात म्हटलं, नात येणार आहे, असू दे जरा जास्त.

"विहीर," मी म्हणालो. "घाल अजून."

त्याने घातला. परत विचारलं. मी परत म्हणालो, "थोडा अजून."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दवाखान्यातून निघालो. उमरोळीच्या अलीकडे एसीचा कॉम्प्रेसर कण्हला आणि बंद पडला. काचा खाली केल्या तर झळा आत. पाच दिवसांची पोर लालबुंद होऊन रडायला लागली. स्वरा दवाखान्याच्या फायलीने तिला वारा घालत होती आणि स्वतःही रडत होती. घरी पोचल्यावर पोर शांत झाली, दूध पिऊन झोपली. मी शांत झालो नाही.

सकाळी जिवल्याच्या पत्र्याखाली गाडी घुसवली ती हॉर्न वाजवतच. तीन-चार ड्रायव्हर आपापल्या गाड्या लावून बसले होते. त्यांच्यादेखत मी तोंडाला येईल ते बोललो. लेकराचं काही बरंवाईट झालं असतं तर, असंही बोललो. जिवल्याने प्रेशरचा काटा लावला, बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "जास्ती झालाय, साहेब. म्हनून कंप्रेसर दमला."

"जास्ती झालाय? मग भरलास कशाला?"

"तुमी बोललात, अजून घाल."

"मी बोललो म्हणून? आणि तुझा हात काय झोपला होता?"

हे माझं नेहमीचं बोलणं होतं, त्यात दुसरं काही नव्हतं. पण जिवल्याचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले, शाळेत छडीला घाबरलेलं पोर नेतं तसे. मी त्या गालावरच्या डागाकडे बघितलं. बॉनेटमध्ये त्या जाड पाइपच्या जवळूनच रेडिएटरचा गरम पाइप जातो. हा माणूस गार कळावं म्हणून बॉनेटमध्ये गाल घालून बघत होता! आणि गाल पोचत नाही म्हणून आम्हाला विचारत होता. काट्यावर त्याचा कधीच भरवसा नव्हता, हात गेलेला, तेव्हा माझी दोन बोटं हेच त्याचं माप होतं. आणि तीस वर्षं धर्मकाट्यावर बसलेल्या मी त्या मापात खोट केली होती.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. ड्रायव्हर कान टवकारून बसले होते. त्यातला एक विचारूही लागला, "क्या हुआ इसके हाथ को?"

"हाताला काही झालं नाही," मी ओरडलो, जरा जास्तच जोरात. "माझी चूक आहे. त्याने मला विचारलं होतं, मीच खोटं सांगून जास्त भरायला लावलं. हावरटपणा माझा."

तेवढ्यात जमुना उठली. ताडगोळे सोलून सोलून तिची बोटं ओली झाली होती. ताडगोळ्याची पातळ साल अशी काढायची की आतलं पाणी फुटू नये, हे काम जाड बोटांचं नाही. तिने पदराला हात पुसले आणि सरळ बॉनेटपाशी येऊन जाड पाइपवर हात ठेवला.

"काड जास्तीचा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी सांगते."

जिवल्याने मला गाडी चालू करून एसी लावायला सांगितलं, रिकाम्या टाकीला नळी जोडली आणि चावी हळूहळू सोडली. ती डोळे मिटून उभी होती. "बरफ," ती म्हणाली. थोड्या वेळाने परत, "बरफच हाय." मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "बस. आपल्या घरातलं मडकं." मी आत बसून एसीच्या जाळीपुढे तोंड धरलं. हवा अशी आली की डोळे मिटावेत.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डबा ठेवायचा छोटा वजनकाटा नेऊन दिला. बॉनेटच्या आतला आकडा वाचायचा, तेवढे ग्रॅम उतरले की बंद, हे तो एका दुपारीत शिकला. वय झालं म्हणे! आता तो ग्रॅमवर गॅस भरतो, आणि तरीही शेवटी जमुनाला हाक मारतो. तिने हात लावून "बस" म्हटल्याशिवाय बॉनेट पाडत नाही. ड्रायव्हर आधी हसले, आता तेच म्हणतात, "भाभी का हाथ लगवा दो."

काटा दिला त्या दिवशी ड्रायव्हर गेल्यावर तिने चहा केला. मला ग्लास, जिवल्याला कानाचा कप. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"जमुना, तुला कधीपासून माहीत होतं?"

"फोड बरे झाले तवापासनं," ती म्हणाली. "उकळता चहा दिला. ग्लास मुठीत धरून बसला, खाली ठेवीचना. हात लाल झाला तरी हसून बोलत व्हता."

जिवल्याचा कप ओठांपाशी थांबला. सहा महिने त्याने जिच्यापासून लपवलं होतं, ती समोर बसून ताडगोळा सोलत होती.

"मंग बोलली का नाय तू?" त्याने विचारलं.

"तुला सांगायाचं नवतं ना," जमुना म्हणाली. "मंग मी कप आनला."