सात किलोची ढाल

परवाच्या शुक्रवारी, भर दुपारी, सौदीतल्या दम्माममध्ये मी लोखंडी टोप घालून उभा होतो आणि एक माणूस कुऱ्हाड घेऊन माझ्या अंगावर येत होता... घाबरू नका, कुऱ्हाड बोथट होती. माणूसही ओळखीचा होता.

पण आधी थोडं मागचं सांगतो.

मी सुतार. गाव रत्नागिरीजवळ, खाडीकाठी. अब्बा होड्या बांधायचे, मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. इथे मात्र सोळा वर्षं एका वर्कशॉपमध्ये किचनची कपाटं बनवतोय... भुशाचा बोर्ड कापायचा, कडेला पट्टी चिकटवायची, चार स्क्रू मारायचे, यल्ला, पुढचं. हाताला खरं लाकूड लागतच नाही.

दोन महिन्यांपूर्वी कॅप्टन फहद वर्कशॉपमध्ये आले. इथे जिमच्या कोचला कॅप्टन म्हणतात. हे गृहस्थ जुन्या काळातल्या युरोपी सरदारांसारखं पोलादी चिलखत चढवून लढायचा खेळ शिकवतात. मारामारी खरीच, फक्त हत्यारांना धार नसते आणि भोसकायला बंदी.

त्यांची ढाल फुटली होती. वर सरळ, खाली निमुळती होत टोकाला आलेली, आणि मधून होडीच्या फळीसारखा बाक दिलेली. परदेशातून नवी मागवली तर स्पर्धेआधी पोचेल की नाही, याची खात्री नव्हती. तो बाक बघून माझे हात शिवशिवले. "मैं बनाता हूँ," असं बोलून बसलो.

रूमवर हनिफ असतो, श्रीवर्धनचा. त्याला सांगितलं तर हसून लोळला. "सलीम, तुज्या इकाम्यावर काय लिवलंय? सुतार का सरदार?" इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना, त्यावर कामही लिहिलेलं असतं.

झालं. मी हट्टाला पेटलो.

सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये बसून ढाल केली. जाड मरीन प्लाय, तांब्याचे खिळे, सांधा न् सांधा बुजवलेला, वर तीन हात वॉर्निश. पाण्यात टाकली असती तर थेंब आत शिरला नसता... आता ढालीला पाण्याचं काय काम, हे मला कोणी विचारलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, काट्यावर ठेवली. सात किलो. मला वाटलं, वा, काय दणकट झालीय!

कॅप्टननी ठोकून बघितली, मान डोलावली आणि ती माझ्याच हातात अडकवली. "तू पहनो, सदीक. एक मिनट." सदीक म्हणजे दोस्त. त्यांची लढतीची फेरी एक मिनिटाची असते. मिनिटभर ढाल वर राहिली तर ती स्पर्धेला जाणार, नाहीतर ते परदेशी ऑर्डर टाकणार.

नाही म्हणता आलं असतं. पण आमच्याकडे नवी होडी पाण्यात उतरली की पहिल्या फेरीला ती बांधणारा सुतार बसतो. अब्बा स्वतःच्या प्रत्येक होडीत बसले. मग मी कुठल्या तोंडाने मागे सरणार?

चाळीस सेकंद... ढालीवर साधा ओरखडा उठला नाही. पण माझा हात खाली आला आणि कॅप्टनची कुऱ्हाड ठण्णकन टोपावर बसली. कान दुसऱ्या दिवसापर्यंत गुणगुणत होते.

कॅप्टन म्हणाले, "खलास." मी म्हणालो, "खलास नहीं. तीन हफ्ता दो." माझा आवाज इतका चढला होता की मीच दचकलो. ते हो म्हणाले.

त्या रात्री नीट झोप लागली नाही. राग स्वतःचाच येत होता. होडीचं वजन पाणी उचलतं, ढालीचं वजन माणसाचा हात उचलतो... सोळा वर्षांनी खरं काम मिळालं आणि मी डोकं घरी ठेवून ते केलं!

मग सगळं पुन्हा. पातळ प्लायचे दोन पदर घेतले, मध्ये ग्लू घालून साच्यावर वाकवले आणि दोन दिवस क्लॅम्पमध्ये आवळून ठेवले. वर कॅनव्हास, कडेला कच्चं चामडं. पट्टे लावताना कॅप्टनना चिलखतासकट हात पुढे करायला लावला, मगच माप घेतलं. बकाल्याच्या काट्यावर तीन किलो भरली.

तरी रोज सकाळी ड्युटीआधी पाच किलोची तांदळाची पिशवी डाव्या हातावर घेऊन उभा राहायचो. हनिफ चहा पीत मोठ्याने सेकंद मोजायचा आणि मुद्दाम हळू मोजायचा.

तर परवाचा शुक्रवार. आजवर समोरच्यांच्या तीन ढाली फोडलेले कॅप्टन समोर, आणि मी शेहेचाळीस वर्षांचा, चष्मा काढून ठेवलेला. पहिला घाव बसला तो दातापर्यंत जाणवला. विसाव्या सेकंदाला खांदा पेटला. हनिफ कोपऱ्यातून मोजत होता, या वेळी मात्र भरभर... "पन्नास! सलीम, सोडू नको रे, पन्नास!"

छप्पन्नला कडाडकन आवाज आला. ढालीची वरची कड चिरली. पण हात वरच ठेवला. साठ!

टोप काढला तेव्हा मला रडूच फुटायचं बाकी होतं. फुटलेली ढाल कोण नेणार? कॅप्टननी चिरेवरून बोट फिरवलं आणि ते हसले. म्हणाले, ढाल फुटायलाच असते, तुझं डोकं शाबूत आहे ना? मग पाच बोटं दाखवली. अशाच पाच हव्यात, पूर्ण टीमसाठी.

रूमवर येऊन अब्बांना फोटो पाठवला. ते अंथरुणाला खिळलेत, बोलणंही कमीच झालंय. मग फोन लावला. मी म्हटलं, अब्बा, चीर पडली हो तिला.

"फुटली तं फुटली," ते म्हणाले. "तू बसलास ना तिच्यात? बुडलास नाय ना?"

नाही बुडलो, अब्बा. शुक्रिया.